निधान

धामणीची कांडी गोठ्याच्या आढ्याला
दोन पावसाळे वाळली.
वाकस नंदगडच्या बाजारातला, धार माझी, कच्ची.
ईराप्पा बडिगेर उंबऱ्यात बसून बघतो.
मी घाव घालतो. तो म्हणतो, "निधान."
पुन्हा घालतो. "निधान, निधान."

आमच्यात निधान म्हणजे पुरलेलं धन.
वाटलं, म्हातारा सांगतोय आत काहीतरी आहे,
म्हणून भराभर तासत गेलो.

चौथ्या दिवशी ताण दिला
आणि डावी बाजू कडकन गेली.
त्याची सून, माहेर हलशीचं,
चहाचा कप ठेवता ठेवता हसली :
"अरे, मामंजी सावकाश म्हणतायत.
त्यांच्या कन्नडात."

दुसऱ्या कांडीला काचेचा तुकडा लावला.
रेघ जिथं वळली तिथं मीही वळलो,
गाठीपाशी थोडं मांस राखलं.
केवणीच्या सालीची दोरी मांडीवर वळताना
मांडी सोलली, ते वेगळंच.

आता वाकतं. उजवीकडे जरा जास्त.
पहिला बाण शेणींच्या उडवीत घुसला.

ईराप्पानं उठून तो उपसला,
टोक धोतराला पुसलं, माझ्या हातात दिला
आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा
मराठीत बोलला :
"अजून."