मागचा माणूस

जुन्या हेडफोनच्या गाद्या सोलवटून
कानामागे काळे कपटे चिकटत.
आईला वाटे, पोर मान घासत नाही.
आमच्या दमट हवेत रेक्झीन दोन पावसाळे टिकतं,
तिसऱ्यात बुरशी,
आणि डावी बाजू तर
वायर एका ठरावीक कोनात धरली
तरच बोलायची.

पर्समध्ये अडीच हजार,
कुंडईच्या रात्रपाळीत
गोळ्यांची पाकिटं मोजून जमवलेले.

फोंड्याच्या वरच्या बाजारात
इनासच्या दुकानी गेले तेव्हा
कुष्टाकाका बरोबर होता.
त्याला चष्म्याची दांडी बसवायची होती;
चष्मेवाल्याचं शटर खाली,
म्हणून माझ्यामागून आत आला
नि पंख्याखालचं एकुलतं स्टूल धरलं.

इनासनं आधी लाल खोक्यातला काढला.
"एक्स्ट्रा बास. तू हेवी ऐकतेस ना?
तुझ्यासाठीच केलाय."
घातला.
डबल पेडल सुरू झालं
आणि सगळ्या लाथा एकमेकींत विरघळल्या.
पेज.
गिटार कुठेतरी तळाशी,
खाली बसलेल्या लोणच्याच्या फोडीसारखी.

हेवी म्हणजे जड नव्हे, इनास.
हेवी म्हणजे चार माणसं एकदम अंगावर येतात
आणि चौघांचेही चेहरे दिसतात.

दुसरा उघड्या पाठीचा, जाळीचा.
आवाज असा की दुकानाला अंगण फुटलं.
पण पहाटे साडेपाचच्या कदंबात
शेजारच्या बाईला माझा सगळा आरडाओरडा ऐकू गेला असता,
आणि मला
तिचा सुंगटांच्या भावाचा हिशेब.
परत दिला. हात जरा रेंगाळला.

तिसरा काळा, साधा. वायरवाला,
वायर निघते, तुटली तर नवी लावता येते.
दाब थोडा जास्त, कानातल्या कुड्या रुततात.
"ह्याला कोणी विचारत नाही," इनास म्हणाला,
"ब्लूटूथ नाही ना."

तेवढ्यात काकानं हात पुढे केला.
चाळीस चवथी घुमट वाजवलेला हात.
घोरपडीच्या कातड्यावर बंदी आली तेव्हा
बकऱ्याच्या कातड्याला वर्षभर शिव्या घालून
शेवटी त्याचाच सूर धरणारा.

लाल घातला, लगेच काढला.
"हांतूंत सगळे एकाच मडक्यांत बसल्यात."
मग काळा.
गायक गुरगुरला तेव्हा तोंड वाकडं केलं:
"ह्याचो गळो बसला गो?"
मग गप्प.
मग अंगठा स्टुलाच्या कडेवर
त्या डबल पेडलशी भांडू लागला,
आधी चुकत, मग मुद्दाम मागे राहून.

डोळे मिटलेलेच.
"फाटलो मनीस आयकूंक येता."

आरतीत खांबाआड एकजण कांसाळं घेऊन बसतो,
काका नंतर सांगत होता.
कोणी बघत नाही त्याच्याकडे.
पण तो ऐकू येईनासा झाला
की पुढचे धावत सुटतात,
आणि देवालाच धाप लागते.

मी पुन्हा घातला. तेच गाणं,
सहा वर्षं ऐकलेलं.
पहिल्या ठोक्याआधी कोणीतरी
हळूच आकडे मोजत होतं,
कुठल्या भाषेत कोण जाणे,
तीनपर्यंत आलं
आणि चौथ्यावर भिंत कोसळली.
हा इथेच होता? इतके दिवस?

एकोणीसशे पन्नास सांगितले.
इनासनं शंभर सोडले.
काकानं खोक्याला टिचकी मारली,
कुंभाराकडे भांडं पारखतात तशी,
आणि आणखी पन्नास सोडवले.
उरलेल्यातून जास्तीच्या गाद्या घेतल्या,
तिसऱ्या पावसाळ्यासाठी.

चष्मेवाला उघडलाच नाही.
बसमध्ये काकानं दांडीला दोरा गुंडाळला
आणि म्हणाला, एक कान दे.
बंद हेडफोनचा एक कान देता येत नाही.
तरी उजवी वाटी बाहेर वळवली,
त्यानं डोकं जवळ आणलं.
खोबरेल, विडी.
बांदोड्यापर्यंत
तो कंडक्टरच्या पंचिंगलासुद्धा
ताल चुकला म्हणून रागे भरत होता.