आधी काम सांगा

रुवीत, मोठ्या रस्त्याच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर दुकान.
खाली करक चहा, वर दातांचा डॉक्टर,
मधे मी, हातात चिमटा.
चिपवर पेस्ट मसुराएवढीच लावायची.
जास्त झाली तर ओघळते, कमी पडली तर चिप भाजते.
शिबूला तीन वर्षं सांगतेय. तो अजून वाटाण्याएवढी लावतो.

लोक जिना चढून येतात आणि दम खात विचारतात,
सगळ्यात भारी कुठला?
मी विचारते, करणार काय त्यावर?
माणूस जरासा दुखावतो.
भारी मागताना चढलेला आवाज
स्वतःच्या कामाचं नाव घेताना खाली येतो.

लोखंडाच्या गोदामातले हिशेबनीस गवंडे
सोळा कोरच्या खोक्यावर बोट ठेवून उभे.
तुमचं सॉफ्टवेअर कुठल्या सालचं?
म्हणाले, मी मस्कतला उतरलो त्या सालचं.
मग साहेब, ते एकाच कोरवर चालणार,
बाकीचे पंधरा पंगतीत बसून
पानाकडे बघत राहणार.
चार कोरचा घ्या, पण पायाने चपळ घ्या,
उरलेल्या रियालांत एक चांगली खुर्ची घ्या.
खुर्च्या आम्ही विकत नाही. तरी सांगितलं.

झुवैना लग्नांच्या फिल्म जोडते.
तिचं जुनं मशीन रात्रभर एक-एक टक्का चढायचं,
सकाळी नवरीची आई दारात.
तिला मात्र सोळा दिले.
काही कामं शेंगा सोलण्यासारखी असतात,
दहा हात बसले की सूप रिकामं.
काही सुईत दोरा ओवण्यासारखी,
तिथे दुसरा हात आला की अडचणच.

मुहन्नदला, वय पंधरा, सगळे आकडे पाढ्यांसारखे पाठ.
गेमसाठी त्याला सगळ्यात वरची चिप हवी होती.
मी दोन पायऱ्या खालची दिली,
वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घातले.
तो रुसला. त्याचे वडील जिन्यावरून परत आले
आणि खजुराचा डबा ठेवून गेले.
मालक यासर आतून म्हणाला,
वृंदा, तुझ्या प्रश्नांनी माझी महागडी चिप
फळीवर म्हातारी होतेय.
हसत म्हणाला. पण अर्धंच हसत.

जुलैत बरकाच्या साइटवरून फोन आला,
मशीन दुपारी झोपतं, आणखी ताकदीचं पाठवा.
मी पिकअपमधून गेले.
पत्र्याची केबिन, एसी नावापुरता,
पंख्याच्या पात्यांवर सिमेंटची साय.
बाहेर साडेबारा वाजून गेलेले, काम बंद,
माणसं पाइपच्या सावलीत ओळीने आडवी.
इंजिनिअर म्हणाला, मशीन कामचुकार आहे.
मी म्हटलं, तापलं की ते वेग उतरवतं,
आणखी तापलं की थांबतं,
जळू नये म्हणून.
त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं, काही बोलला नाही.
मी ताकद काढून घेतली.
थोडं खाणारी, थंड डोक्याची चिप बसवली.
ती सप्टेंबरपर्यंत एकदाही झोपली नाही.

काल कुरयातहून हमूदबाबा आले,
हातांना मासळीचा वास.
नात ग्लासगोला शिकते, तिचा चेहरा बघायचाय, एवढंच.
सगळ्यात लहान चिप काढली.
चेहऱ्याला इतकी पुरते?
पुरते बाबा.
ते बराच वेळ ती तळहातावर धरून होते,
मग विचारलं, तुझ्याकडे कुठली आहे?

माझं मशीन लोकांनी परत केलेल्या भागांचं.
दर शुक्रवारी त्यावर कुडाळचं घर उघडतं,
मुलाचं तोंड अर्ध्या शब्दावर थिजतं,
शब्द मागून येतो, तोवर तो दुसरंच काही बोलत असतो.
बदलता येईल. कर्मचाऱ्यांना सवलतही आहे.
दोनदा चिप घरी नेली.
दोनदा स्वतःला विचारलं, करणार काय त्यावर?
आणि माझाही आवाज खाली आला.

चिप डबीत परत ठेवली.
शिबू, पेस्ट दे. मसुराएवढी.