उतारावर

डब्यावर कंपनीचं नाव नाही.
पारोळा रोडवरच्या दुकानाचाच लाल स्टिकर,
त्यावर दुकानाचा फोन आणि एक वाघ
जो मांजरासारखा दिसतो.
बावीसशे रुपये, जुनी परत दिली तर.
शेजारच्या फळीवर नावाजलेली, एकेचाळीसशेची.
तिच्याकडे मी पाहिलंही नाही,
पाहिलं असतं तर घेतली असती.

"कितला दिन चाली?" मी विचारलं.
उस्मान पिंजारीने आधी ब्रश घेतला,
डब्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगात तारीख घातली,
फुंकर मारून वाळवली, मग म्हणाला,
"आठे थंडी नही मारत भाऊ, ऊन मारस.
दोन उन्हाळा काढी.
तिसरा तिना नशीबना."

म्हणजे महिने नाहीत, उन्हाळे.
धुळ्यात हे माप समजावून सांगावं लागत नाही.
मे महिन्यात दुपारी बॉनेट उघडलं
की तव्यासारखी झळ येते तोंडावर,
आणि डब्यातलं पाणी
रोज थोडं थोडं कुठे जातं
ते कोणाला दिसत नाही.

माझी ओम्नी पहाटे साडेतीनला लागते.
पेपरचे गठ्ठे. सोनगीर, नरडाणा, शिरपूर.
सहाच्या आत पोचली नाही
तर बातमीची रद्दी होते,
शिव्या तेवढ्या ताज्या मिळतात.

देवपुरातल्या आमच्या गल्लीला उतार आहे
हे मला जुन्या बॅटरीने शिकवलं.
तिच्या शेवटच्या तीन महिन्यांत
कुमुदिनी गाऊनवर ओढणी टाकून खाली यायची,
दोन्ही तळवे मागच्या काचेवर.
कुत्री उठायची,
ती एकेकाला नावाने गप्प करायची.
इंजिनाने धरलं की मी थांबायचो नाही,
थांबलो तर परत पहिल्यापासून.
आरशात दिसायची,
पायाने चप्पल शोधणारी,
लहान लहान होत जाणारी.

नवी बसली. पहिल्याच किल्लीत चालू.
तरी गाडी लावायची ती उतारावरच,
मागच्या चाकाला वीट.

पहिला उन्हाळा गेला.
दुसऱ्यात टर्मिनलवर पांढरी बुरशी फुलली,
चहाच्या भांड्यातलं उकळतं पाणी ओतलं, वाहून गेली.
वॉरंटी कार्डावरची शाई उडाली,
आता ते कोणत्याही गाडीचं, कोणत्याही सालचं.
तिसऱ्या उन्हाळ्यात मीच जाऊन विचारलं,
अजून कशी काय?
उस्मानने वही काढली. तेलकट, रबर लावलेली.
काळीपिवळी, अकरा महिने.
डॉक्टरांची अल्टो, नऊ.
बँडवाल्यांची जीप, चार वर्षं,
त्यावर बोट ठेवून म्हणाला, हे कोणाला सांगू नको.
"उभी ऱ्हास ती पहिले मरस."

नोव्हेंबरात गेली.
दुपारी, पेट्रोल पंपावर, सपाट जमिनीवर,
कुणाचं काही अडलेलं नसताना.
खर्र नाही, काही नाही, नुसतं टक.
पंपावरच्या दोन पोरांनी ढकलली.

घरी सांगितलं तेव्हा कुमुदिनी मेथी निवडत होती.
"तरीच," ती म्हणाली,
"आठ दिवसांपासून आवाज जड येत होता."
कुठून ऐकलास?
अंथरुणातून. रोज.
गाडी धरते तोवर जागी असते,
धरली की कूस बदलते.
एकतीस महिने.
देठं तिने वेगळी केली आणि उठली.

काट्यावर जुनी भरली नऊ किलो आठशे.
उस्मानने वहीत लिहिलं:
पेपरवाला, एकतीस.
अजून काही लिहायचं राहिलंय
असं मला म्हणायचं होतं, पण
कोणत्या रकान्यात, ते सुचेना.
"कोणती देऊ?"
या खेपेला मी शेजारच्या फळीकडे पाहिलं.
बराच वेळ पाहिलं.
त्याने ब्रश रंगात बुडवून ठेवला होता,
टोकावरून एक थेंब
खाली फरशीवर पडला.