रिषभाशी

सिडकोतल्या दोन खोल्यांत
वायफाय मधल्या भिंतीशी धापा टाकतं.
फाइल जड: चोवीस बिट, एकशे ब्याण्णव.
मारव्यात रिषभाशी येऊन
दर वेळी अडकायची मुकुंददादाची सारंगी.

रविवारी मेन रोडवरून वीस मीटर केबल आणली,
अंबडच्या कंपनीतून ड्रिल, उसनं.
भिंतीला भोक. पलंगभर सिमेंटची पूड.
हेमलता म्हणाली, झालं समाधान?

लावलं.
सलग आला मारवा,
गजाच्या राळेची खरखरसुद्धा.

आणि रिषभाशी
पुन्हा थांबला.

राउटरचे दिवे हिरवेच.
मागे नेलं, कान लावला:
थांबण्याच्या आत एक श्वास,
कप खाली ठेवल्याचा आवाज.

दादा तिथं थांबलाच होता.
मी आपला वर्षभर
बफर वाढवत बसलेलो.