रकाना नऊ

ट्रक आला तेव्हा दुपारचे दोन.
मैदानात सावली फक्त ट्रकच्या खाली.
साठ सायकली, सगळ्या सुट्या,
चाकं एकीकडं, हँडलं एकीकडं,
आणि घंट्यांचं एक पोतं.
हमालानं ते आपटलं
तेव्हा साठही एकदम वाजल्या.

हेडमास्तर म्हणाले, गफूरमिस्त्री, जोडून द्या.
पैसे?
योजनेत जोडणीचं कलम नाही.

जोडल्या.
धर्म केला असं नाही हं,
बापाकडून वीस वीस रुपये घेतले,
जिला बाप नाही तिच्याकडून नाही.
त्रेपन्न उभ्या राहिल्या.
सातांना पेडलंच नव्हती.
पत्र पाठवलंय म्हणतात.

चौतीस नंबरची पुष्पलता कुरापाटीला मिळाली.
आठवीतली, नुसती कोपरं आणि गुडघे.
पहिल्या दिवशी आईच्या हजार विड्या
कॅरियरला बांधून ब्रँचवर पोचवल्या.
दुसऱ्या दिवशी शाळा.
तिसऱ्या दिवशी दोन्ही.
चौथ्या दिवशी दुकानात येऊन म्हणाली,
मामा, पुढचं बास्केट काढा.
का गं?
वारं धरतंय ते.

विडी घरकुलात सत्तावीस वर्षं पंक्चर काढतोय.
लोक हवेचं बोलतात,
मागच्या चाकात कमी आहे, भरा.
वाऱ्याचं कुणी बोललं नव्हतं.

बास्केट काढलं. मडगार्ड काढलं. स्टँड काढला.
सरकारी वस्तू, म्हणून चिठ्ठी लावून
खिळ्याला टांगून ठेवल्या,
उद्या कुणी विचारलं तर.
सीट दोन बोटं वर.
अजून एक बोट.

मग पहाटे हैदराबाद रोड.
मुळेगावपासून बोरामणीच्या बाजूला जायचं,
ट्रकवाले धाब्यावर झोपलेले असेपर्यंत परतायचं.
माझ्या मोबाइलात वेळ मोजायची सोय आहे
हे तिनंच मला दाखवलं.
शर्यतीतलं मला काही कळत नाही.
आवाज कळतो.
चेन कोरडी पडलीय की पोरगी दमलीय
हे अंधारात, लांबूनच सांगतो.

जिल्ह्याच्या निवडीचा फॉर्म आला.
पीटीचे सर मतदार यादीच्या कामावर.
तिनंच भरला, शिसपेन्सिलीनं आधी, मग पेनानं.
रकाना नऊ, प्रशिक्षकाचे नाव:
गफूर बाशा नदाफ.
रकाना दहा, अर्हता:
सत्तावीस वर्षे.

क्रीडा कार्यालयातल्या बाईंनी चष्मा वर केला.
हे कोण?
मीच की.
सही करताना अंगठ्याचं ग्रीस उमटलं कागदावर.
पुसायला गेलो तर पसरलं.
बाई म्हणाल्या, राहू द्या,
झेरॉक्समध्ये तसंही सगळं काळंच येतं.
आणि शिक्का मारला.

सतरा पोरी. पातळ टायर, गिअर,
एकीच्या बाटलीत लिंबाचं पाणी, एकीचा बाप मोटारसायकलवर पुढं.
चौतीस नंबरचं टायर जाड, आवाज दळणाच्या चक्कीचा.
अकरावी आली.
पाच घेतात.

परत येताना अर्धा रस्ता बोलली नाही.
नव्या सायकल ट्रॅकच्या पांढऱ्या पट्ट्यावर
कलिंगडवाले गाडे लावून बसलेले,
त्यांना वळसा घालताना म्हणाली,
मामा, उलट वाऱ्यात मी तिघींना मागं टाकलं.
माहिताय, मी म्हणालो.
मला काही माहीत नव्हतं,
मी तेव्हा ताकवाल्याजवळ उभा होतो.

दिवाळीनंतर पत्राचं उत्तर आलं,
पुठ्ठ्याच्या खोक्यात, चौदा पेडलं.
चौदाच्या चौदा डावी.

हसावं की काय.
सात उजवी बाजारातून आणली, उधारीवर.
उरलेली सात डावी खिळ्याला,
बास्केटच्या शेजारी, तारखेसकट.

आज सात पोरी दुकानासमोर ओळीनं उभ्या,
बिनपेडलाच्या सायकली कमरेला टेकवून,
आणि पुष्पलता पाना घेऊन खाली बसलीय.
किती आवळलं तरी डावं सुटतंय.
उलटं फिरव, मी म्हणतो,
डावं उलटं आवळतात.
ती बघते माझ्याकडं,
आधी का नाही सांगितलं म्हणून.
मग फिरवते.

रांगेतली शेवटची, दुसरी-तिसरीतली वाटावी एवढी,
विचारते,
मामा, माझं पण बास्केट काढणार?