दीड इंच माया

उठल्या उठल्या पोटाला टेप लावते.
चौतीस.
दिवे लागले की पुन्हा.
साडेछत्तीस.
मधल्या दिवसात मी काय केलं?
दोनदा ओट्यापर्यंत गेले, वाकून,
जमिनीवर पडलेली सुई शोधत असल्यासारखी.
एकदा चहा गाळला.
बाकी कूलरसमोर, पाठीला तीन उशा,
गुडघ्यांखाली एक.

बावीस वर्षं अमळनेरात बायकांची मापं घेते.
छाती, कंबर, मुंढा, बाहीचा घेर.
श्वास रोखून पोट आत ओढणाऱ्यांना
मीच म्हणायचे, सोडा ताई, टेप खोटं बोलत नाही.
आता माझीच टेप
दिवसातून दोनदा वेगळं बोलते.

डॉक्टर जळगावचे, तरुण, हळू आवाजाचे.
म्हणाले, पाणी आहे ते, चरबी नाही.
त्याच्या वाटा कापल्या गेल्यात,
नव्या सापडेपर्यंत साचणार.
तीन महिने. कुणाला सहा. कुणाला वर्षसुद्धा.
पट्टा काढू नका, मीठ कमी, थोडं थोडं चाला.
मी विचारलं, नक्की तारीख?
ते हसले. मी गिऱ्हाइकांना हसते तसंच,
लग्नसराईत.

नळ्यांतलं लालसर पाणी हर्षलाने मोजलं,
अकरा दिवस, गणिताच्या वहीत मागच्या पानावर.
साठ. पंचेचाळीस. पुन्हा साठ. तीस.
शेजारी त्रिकोणमितीची अर्धी सोडवलेली उदाहरणं.
नळ्या निघाल्या त्या दिवशी
तिने खाली दोन रेघा मारल्या,
बेरीज मात्र केली नाही.

मीठ कमी. आणि बाहेर मे महिना,
गल्लीभर खाटांवर बिबड्या वाळतायत.
गेंदाबाई वाटीभर घाटा घेऊन आल्या,
गरम, वर कच्च्या तेलाची धार.
"खाई ले वं माय, हर्नियाले मिठनं काय?"
हर्निया.
गल्लीला मी तेच सांगितलंय.
भिशीचे दोन नंबर, मशीनखालच्या डब्यातले पैसे,
दोन सिझरनंतर एप्रनसारखं लोंबणारं पोट,
हे कोणाला सांगू? कोणत्या तोंडाने?
दोन घास खाल्ले. तिसराही खाल्ला.
संध्याकाळी घोटेसुद्धा फुगले.

नवऱ्याने एकदाच विचारलं, गरज होती का गं?
मी उत्तर दिलं नाही.
तेव्हापासून रोज सकाळी अंघोळीनंतर
तोच पट्ट्याचे हूक लावतो,
खालून वर, जीभ दातांत धरून,
एक हूक चुकतो, पुन्हा पहिल्यापासून.
आयुष्यात त्याने कधी हूक लावला नव्हता,
माझं दुकान हूकांवर चालतं तरी.

टाके मी आरशात पाहिले.
या कमरेपासून त्या कमरेपर्यंत,
बारीक, एकसारखे,
उजव्या टोकाला थोडी चुणी.
मी असते तर
तेवढं उसवून पुन्हा घातलं असतं.

आज एकोणिसावा दिवस.
तिलोत्तमा मॅडम आल्या, भाचीच्या हळदीचं ब्लाउज घेऊन.
मागच्या वर्षीचं, आता काखेत रुततंय.
"आत काही आहे का हो?"
मी झोपल्या झोपल्या उलटं करून बघितलं.
आहे की. दोन्ही बाजूंना दीड दीड इंच.
ही माया मी न विचारता सोडते,
कापड कमी पडलं तरी,
बाई कायम एका मापाची राहत नाही म्हणून.
मॅडम म्हणाल्या, बरं झालं.
गेल्यावर ते ब्लाउज बराच वेळ
पट्ट्यावर तसंच पडून होतं.

ठरवलं, आज टेप लावायची नाही.
खणात ठेवली, वर बॉबिनचा डबा.
साडेसहाला हात गेलाच.
सदतीस.
पट्टा थोडा वर सरकवला,
बेंबीच्या बाजूला बोट दाबलं.
खळगा पडला.
मी बघत राहिले,
सात आकडे झाले
तेव्हा कुठे भरून आला.