दोनशे केबी

व्हिल्नियसमध्ये रात्री यादविगा
आधी वायफाय बंद करते,
मग फोटो उघडते.

कास्तुसची पाठ.
भाऊ मिन्स्कच्या कोठडीतून सुटला त्या पहाटे
न्हाणीघरातल्या पिवळ्या दिव्यात तिनंच काढलेली.

अर्जाला दोनशे केबीहून जड काही चालत नाही.

बाहेरची वाट बंद, तरी ब्राउझर
निमूट काम करत राहतो.
म्हणजे खरंच कुणाला काही सांगत नाही.

रुंदी बाराशे. आठशे. सहाशे.
सहाशेला वळ कातडीत मिसळतात,
पाठ बरी झाल्यासारखी दिसते.

ती परत आठशेवर येते.
दोनशे चौदा.

मग कापते भिंत, फरशा, साबण,
आणि कडेचा
टॉवेल धरलेला स्वतःचा अंगठा.

एकशे अठ्ठ्याण्णव.

आता वायफाय लावावंच लागेल.
ती आधी चहा टाकते.